काशीला सोडलेली द्राक्षं

नाशिक
२० फेब्रुवारी २००७, संध्याकाळ

ओवी,

वर आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. मग 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं, कारण तू म्हणशील, आता कशी प्रिय झाले. शेवटी नुसतं नाव ठेवलं. कागद लॉजचे आहेत, मागितले तेव्हा मॅनेजरने मोजून चार दिले, त्यामुळे खाडाखोड परवडत नाही.

हो, लॉजचे. ज्या गावात सगळा संसार केला त्या गावात आम्ही लॉजवर उतरलो आहोत. तुझ्या बाबांनी निवृत्तीनंतर जुनी बुलेट घेतली हे दिवाळीच्या फोनवर त्यांनी तुला सांगितलंच असेल. आता त्या बुलेटवरून पुण्याहून आग्र्याला निघालो आहोत. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, मुंबई-आग्रा रस्ता फळ्यावर शेकडो वेळा काढला, पण तो खरंच आग्र्याला पोचतो का हे पाहायचं राहून गेलं म्हणे. मी म्हटलं, रेल्वेने जाऊन बघा. तर चार दिवस तोंड पाडून बसले. मग मीच पंजाबी ड्रेस शिवून घेतला, या वयात, आणि मागच्या सीटवर बसले. सिन्नरला चहाला थांबलो तर टपरीवाला मला म्हणाला, "आज्जी, घट्ट धरून बसा." तुझे बाबा अजून हसताहेत.

हेल्मेटमुळे त्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्या खुणा ठरल्या आहेत. पाठीवर एक थाप मारली की हळू, दोन मारल्या की थांबा. पुण्यापासून इथपर्यंत मी एक थाप एवढ्या वेळा मारली, की त्यांनी ती ऐकणं सोडून दिलं आहे.

मघाशी गंगापूर रोडवरून आलो. आपल्या बिल्डिंगपाशी त्यांनी गाडी हळू केली, मी न सांगता. नव्या लोकांनी आपल्या बाल्कनीला जाळी लावली आहे आणि तुझ्या खोलीच्या खिडकीत कपडे वाळत होते. मला वाटलं होतं वाईट वाटेल. फक्त एवढंच मनात आलं, की कपडे उलटे करून वाळत घालायचे असतात, रंग उडतो.

उद्या मुक्काम इथेच. ह्यांना म्हणे धरणाकाठची वाईनरी बघायची आहे. मी विचारलं, आपण आणि वाईनरी? म्हणाले, नुसतं बघायचं, बघायला काय जातं? जो माणूस दूध नासलं तरी वाटीभर चाखून मग सांगतो, तो नुसतं बघणार!

परवा पहाटे पुढे निघायचं. रस्ता पिंपळगाव बसवंतवरून जातो, तो काही मी बांधलेला नाही. मी ह्यांना सांगून ठेवलं आहे की तिथे थांबायचं नाही, अंधारातच गाव मागे टाकायचं. तुझ्या ज्या घरी सहा वर्षांत पाय ठेवला नाही, तिथे हेल्मेट घालून उभं राहायचं का?

मग हे पत्र कशाला, असं तू विचारशील. मलाही तेच कळत नाही. राजला आणि तुझ्या सासूसासऱ्यांना... असू दे, काय लिहायचं ते सुचत नाही.

आई

...

वाईनरी
२१ फेब्रुवारी, दुपार

ओवी,

कालचं पत्र पोस्टात टाकलेलं नाही. आधी आजचं ऐक, आणि हसू नकोस. किंवा हस.

मी वाईन प्यायले.

आता नीट सांगते. डोंगराच्या उतारावर ही वाईनरी आहे. वर गच्ची, समोर द्राक्षाच्या ओळी, त्यापलीकडे धरणाचं पाणी. वारा असा सुटला आहे की कागदावर चष्म्याचं घर ठेवून लिहावं लागतंय. आत एक लांब लाकडी ओटा आहे, तिथे सगळ्यांना ओळीने उभं करतात. आमच्या शेजारी मुंबईची तरुण मंडळी होती, ती ग्लास फिरवून, वास घेऊन, डोळे मिटून घेत होती. छाया नावाची मुलगी बाटली घेऊन एकेकापुढे येत होती. जवळच्याच गावची आहे, नीटनेटकी, इंग्रजीत पाठ केल्यासारखं सगळं सांगते.

मी ओळीत शेवटची. तिने माझ्यापुढे येऊन बाटली जराशी तिरकी केली, थोडंसंच ओतायचं म्हणून. आणि ओवी, मी हात पुढे केला. उजवा, खोलगट करून, खाली डावा, ओढणीचं टोक धरून. देवळात पुजारी पळी घेऊन ओळीतून येतो तेव्हा करते तसाच. माझ्यासमोर ग्लास ठेवलेला होता, तो मला दिसलाच नाही. ती मुलगी गडबडली आणि तिने खरंच हातावर ओतली. मी ती घेतली, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मुंबईची मंडळी ग्लास फिरवायची थांबली. छायाचा चेहरा हसू दाबून लाल झाला. मग ती तिच्या खऱ्या भाषेत म्हणाली, "काकू, आसं कुणीच केलं नव्हतं आजवर. पन तुमचं बराबर हाय, घोटभरच घ्यायची असती." तुझे बाबा दुसरीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

पुढे दोन ग्लासातून घेतल्या. एक गुलाबी, एक लाल. चव घेऊन भांड्यात थुंकायचं असतं म्हणे. तोंडात घेतलेलं थुंकायचं कसं? मी गिळलं. गुलाबी बरी होती. लाल म्हणजे जांभळं खाऊन वर कात चघळल्यासारखी.

हे सगळं गमतीचं, पण मला मध्येच आठवलं की मी द्राक्षं सोडली आहेत.

तुला माहीत आहे ते सगळं, पण तुझ्या बाजूने माहीत आहे. तुझं लग्न झालं त्याच्या पुढच्या महिन्यात आम्ही काशीला गेलो. घाटावर गुरुजी प्रत्येकाला विचारत होते, काय सोडता? आवडतं एक फळ गंगेत सोडायचं, मग जन्मभर खायचं नाही. तुझ्या बाबांनी फणस सोडला. फणसाच्या वासाने त्यांना मळमळतं हे गुरुजींना काय माहीत. आमच्या ग्रुपमधल्या मंगलाबाईंनी कारलं सोडलं, गुरुजी म्हणाले, बाई, कारलं फळ नव्हे, तर त्या म्हणाल्या, मग पपई. मी पेरू म्हणणार होते. गाडीतच ठरवलं होतं, पेरूवाचून माझं अडत नाही. माझी पाळी आली आणि तोंडातून 'द्राक्ष' निघालं. मी, जी एका बैठकीला अख्खा घड संपवायची.

तू म्हणालीस, राजच्या मळ्यावर राग काढायला सोडली. मी म्हणाले, तसं नाही. मग कसं, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही नाही. राग होता का? होता. मी जातीचं काही बोलले नव्हते असं मी म्हणते, तू म्हणतेस बोलले होते, तुझे बाबा म्हणतात मला यात ओढू नका. पण गंगेत उभं राहून रागाने कुणी एवढी आवडती गोष्ट सोडतं का? तसं असतं तर मी तुमच्या मळ्यातली सोडली असती आणि बाजारातली खाल्ली असती.

आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत तुझ्या सासूबाई गंगापूर रोडला आल्या, डोक्यावर द्राक्षांची पेटी घेऊन, तीन मजले चढून. पहिल्या तोडीची होती. मी म्हटलं, साळूबाई, मी द्राक्षं सोडली आहेत हो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायल्या, पेटी उचलली आणि गेल्या. न उघडता. रात्री तुझा फोन आला, "आई, तू माझ्या सासूबाईंना दारातून परत पाठवलंस." तो आपला शेवटचा फोन. मी त्यांना परत पाठवलं नव्हतं. त्याच गेल्या. मी खरं ते सांगितलं होतं. खरं सांगितल्यावर माणूस पेटी घेऊन का जातो, याचा विचार करून माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

तर मला आठवलं, आणि मी छायाला विचारलं, मुली, ही द्राक्षाचीच ना? ती म्हणाली, द्राक्षाचीच की, आणि तुम्ही पहिली जी हातावर घेतली ना, ती तर पिंपळगावच्या खंडेरावआबांच्या मळ्यातली. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही राजदादांबरोबर आला होता ना मागं?"

खंडेरावआबा. तुझे सासरे. आणि सर म्हणजे तुझे बाबा, जे पेन्शनच्या कामाला म्हणून वर्षातून दोनदा नाशिकला येतात. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते भिंतीवरचा पिंपांचा फोटो वाचत होते. फोटोत वाचण्यासारखं काही नव्हतं.

भांडले मी. गच्चीवर येऊन, हळू आवाजात, कारण मुंबईची मंडळी होती. ते म्हणाले, हो, जातो मी पिंपळगावला, जेवतो, साळूबाई भाकरी करतात, ओवी कॉलेजमधून येते, आम्ही गप्पा मारतो. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू सहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस की ओवी कशी आहे." आणि त्यानंतर खुर्चीत मागे रेलून चक्क झोपले. अजून झोपलेत. तोंड उघडं आहे.

मला खूप राग यायला हवा आहे. येत नाही. ऊन उतरायला लागलंय, पाणी चमकतंय, छायाने न मागता चीजचे तुकडे आणून दिले. इतका निवांत दिवस मला कित्येक वर्षांत मिळालेला नाही, आणि ज्या दिवशी मी व्रत मोडलं, नवऱ्याची लबाडी पकडली, तोच हा दिवस. हे वाईनमुळे आहे का? आणि व्रत मोडलं का? गुरुजी फळ म्हणाले होते, रसाचं कुणी काही बोललं नव्हतं. शिऱ्यातले बेदाणे मी खातेच, ते चालतात असं मीच ठरवलं आहे. आणि तीर्थ म्हणून हातावर घेतलेलं नाकारायचं नसतं. पण ते तीर्थ नव्हतं. आणि ते तुमच्या मळ्यातलं होतं. छान होतं, ओवी. हे मी कुणाला सांगू?

आई

...

चांदवड
२२ फेब्रुवारी, सकाळ

ओवी,

आम्ही पिंपळगाव ओलांडून आलो.

ठरल्याप्रमाणे अंधारात निघालो. माझाच हट्ट. पण ह्यांनी पंक्चरवाला शोधण्यात वेळ घालवला, गाडी पंक्चर नव्हती, नुसती हवा कमी होती, आणि पिंपळगावला पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. कांद्याचे टेम्पो रांगेने उभे होते. तुमच्या मळ्याकडे जाणारा फाटा मी कधी पाहिला नाही, पण ह्यांची पाठ ताठ झाली त्यावरून कळलं. गाडी हळू झाली. मी हात उचलला.

दोन थापा. एवढंच करायचं होतं. माझा हात ह्यांच्या पाठीपासून वीतभर वर होता, आणि मी त्या हाताकडे बघत बसले, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. फाटा गेला. मग कोल्ड स्टोरेज गेलं, पेट्रोल पंप गेला. ह्यांनी वेग वाढवला. वचन पाळणारा माणूस आहे, नको तिथे.

चांदवडला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, थांबला का नाहीत? म्हणाले, तू सांगितलं होतंस थांबू नका. मी म्हटलं, मी परवा सांगितलं होतं. ते म्हणाले, मग आज का नाही सांगितलंस? टपरीवाली बाई दोघांकडे बघत होती. मला रडू आलं, ओवी. रस्त्यावर, पंजाबी ड्रेसमध्ये, हेल्मेट मांडीवर घेऊन. मला तुला भेटायचंय. हे एवढं सोपं वाक्य आहे आणि ते लिहायला मला लॉजचे तीन कागद लागले.

रडत असतानाच मी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. गाडी तर उभी होती. त्यांनी हेल्मेट नव्हतं घातलं, माझं ऐकू येत होतं, तरी मला थापाच सुचल्या. त्यांना नक्की किती ऐकू आल्या कुणास ठाऊक. उठून बुलेटचं तोंड पिंपळगावकडे करताहेत.

आई

...

पिंपळगाव बसवंत, तुझं घर
२२ फेब्रुवारी, दुपार

ओवी,

तू घरी नाहीस. मी दारात उभी, आणि साळूबाई म्हणाल्या, "ती तं तुमच्याकडंच गेली. लॉजवर. सकाळीच स्कूटी काढली." तुझ्या बाबांनी तुला लॉजचं नाव सांगून ठेवलं होतं, हे मला आत्ता कळलं. त्यांच्या फोनवर तुझे मिस्ड कॉल आहेत, बॅगेच्या तळाशी फोन, त्यांना काय ऐकू येणार. म्हणजे रस्त्यात कुठेतरी आपण समोरासमोरून गेलो असू. तू मला ओळखलं नसतंसच, हेल्मेट होतं. मी तुला का ओळखलं नाही?

आता तुला फोन लागला आहे, तू परत निघाली आहेस. तोवर काय झालं ते लिहून ठेवते.

साळूबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं, आणि आत गेल्या. मला वाटलं द्राक्षं आणायला गेल्या. सीझन आहे, अंगणात क्रेट भरलेत, दुसरं काय आणणार? चांदवडपासून मी मनाशी ठरवलं होतं. त्या द्राक्षं देतील, आणि मी हात पुढे करीन, काल केला तसा, आणि घेईन. काशीचं पाप लागलं तर लागू दे, मी बघून घेईन. त्या बाहेर आल्या. मी खरंच हात पुढे केला.

त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

मी म्हटलं, साळूबाई, द्राक्षं द्या. मी खाणार आहे. त्या म्हणाल्या, "सोडल्याली हायेत ना? मंग मी कशी देईन? माझ्या हातानं तुमचं मोडायचं नाय."

मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही पेटी घेऊन गेलात. रागावून. त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मीच वेड्यासारखं काहीतरी बोलले होते. म्हणाल्या, "राग कशाचा? देवाला सोडल्यालं दारात ठिवू नये, म्हनून उचलली. तुम्ही घिऊन शेजारी वाटली आसती तं मला कळलंबी नसतं. खरं सांगितलं, बरं वाटलं मला. उतरता उतरता जिन्यातच मी ठरवलं, या बाईला द्राक्ष द्यायचं नाय कधी." आणि हे तुला सांगितलं का विचारलं, तर म्हणाल्या, "ओवीला सांगितलं की. ती म्हनली, तुम्ही माझ्या आईला सांभाळून घेताय."

सहा वर्षं, ओवी. ज्या बाईचा मी अपमान केला म्हणून तू माझ्याशी बोलत नव्हतीस, त्या बाईला अपमान वाटलाच नव्हता. आणि त्या रागावल्या आहेत असं समजून मी इथे यायला घाबरत होते. यात चूक कुणाची हे मला काढता येत नाही, आणि आता काढायचंही नाही.

मग मी त्यांना कालची वाईनची गोष्ट सांगितली, हातावर घेतली तीही. आबांच्याच द्राक्षांची होती हेही सांगितलं. माझं व्रत मोडलं हो, म्हटलं. त्या एवढ्या हसल्या की गोठ्याकडून आबा बघायला आले. म्हणाल्या, "ती दारू व्हती, इहीनबाई. दारू झाल्यावर द्राक्ष कुठं ऱ्हातं त्यात?" आबांनीही मान डोलावली. तर माझं व्रत शाबूत आहे असा इथला निकाल आहे. तेवढी मी दारू प्यायले.

साळूबाई म्हणताहेत, पत्र पुरे, पोरगी आली की तोंडानं बोला. पण मला तोंडाने बोलता आलं असतं तर एवढी वर्षं गेलीच नसती. म्हणून हे चारही कागद तुझ्या खोलीत, आरशाखाली ठेवते आहे. आधी वाच, मग बाहेर ये. मी अंगणात चटईवर आहे. गुळाचा खडा अजून मुठीत आहे, चिकट झालाय, पण एकटीने खाववत नाही.

वेळ लागला तरी चालेल. आज आग्र्याला कुणी जात नाही. बुलेटची किल्ली साळूबाईंनी पदराला बांधली आहे.

आई